खोडवा आणि संजीवन

मे महिना हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांत संजीवन सभांचा मोसम. शाळांना सुट्टी असते, शेतातली घाई थांबलेली असते. मंडप पडतो, पेटी-ढोलकी येते, बाहेरगावचे वक्ते येतात आणि तिसऱ्या रात्री हात वर करणाऱ्यांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. या सभांवर माझा राग नाही. माझी आई अशाच एका सभेतून बदलून घरी आली होती आणि तो बदल तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. पण या सभांच्या आसऱ्याने एक मत आमच्याकडे इतके रुजले आहे की त्याला कोणी हरकतही घेत नाही. त्या मताचे खंडन करावे म्हणून हा लेख.

ते मत असे. आत्मिक नवीकरण ही एका रात्रीची गोष्ट आहे. ती वचनाच्या घोषणेने आणि आत्म्याच्या अग्नीने होते. झाडे, बी, पाऊस, पाखरे यांचा तिच्याशी संबंध नाही. निसर्गातले धडे संडेस्कूलच्या लेकरांना ठीक, मोठ्यांना सिद्धांत हवा. याहून पुढे जाणारेही आहेत. त्यांच्या मते निसर्गात देव पाहणे ही आपली जुनी, धर्मांतरापूर्वीची सवय आहे. रेव्हरंड टिळकांच्या फुलापाखरांबरोबर ती मंडळीत शिरली आणि आता ती काढून टाकली पाहिजे. जे जास्त वाचलेले आहेत ते धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थचे नाव घेतात. शेवटचा आक्षेप सर्वांत बळकट आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर देईन. आधीचे दोन त्या मानाने हलके आहेत.

लेकरांच्या गोष्टी म्हणून ज्यांची बोळवण होते त्यांना आपण मराठीत ‘दाखले’ म्हणतो. पेरणाऱ्याचा दाखला, मोहरीच्या दाण्याचा दाखला, निदणाचा दाखला. हा शब्द जरा थांबून ऐकावा. तलाठ्याकडे आपण दाखला मागतो तो उत्पन्नाचा, रहिवासाचा. शाळेत मागतो तो शाळा सोडल्याचा. दाखला शोभेसाठी कोणी घेत नाही. त्याच्यावाचून काम अडते. ज्यांनी हा शब्द बायबलात आणला त्यांच्या मनात काहीही असो, मराठी माणसाच्या कानाला त्यात पुरावा ऐकू येतो. आपल्या न्यायशास्त्रातही तसेच आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्या अशी की ज्या गोष्टीविषयी सामान्य माणसाची आणि परीक्षक पंडिताची बुद्धी सारखी चालते तो दृष्टांत. म्हणजे दृष्टांत ही अडाण्यांसाठी केलेली सवलत नव्हे. वाद जिथे थांबू शकतो अशी ती दोघांची सामाईक जमीन आहे. गालीलातल्या सरोवराच्या काठी येशूने पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा शास्त्री आणि कुळवाडी एका पातळीवर बसले होते. किंबहुना कुळवाडी जरा पुढे होता, कारण पायवाटेवर पडलेल्या बियाण्याचे काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. नारायण वामन टिळक (1861–1919) फुलामुलांचे कवी होते आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, हे खरे. पण निसर्ग वाचण्याची सवय त्यांनी मंडळीत चोरून आणली असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या घराचा इतिहास वाचलेला नाही. कोल्हापूरची मंडळी मुळात प्रेस्बिटेरियन घराण्यातली. रॉयल वाइल्डर 1852 साली इथे आले, 1870 साली हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. वाइल्डरांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. या घराण्याचा मूळपुरुष कॅल्व्हिन. तो जगाला देवाच्या गौरवाची रंगभूमी म्हणतो. त्याच परंपरेतल्या 1561 सालच्या बेल्जिक कबुलीजबाबाचे दुसरे कलम म्हणते की देवाची ओळख दोन मार्गांनी होते, आणि त्यांतला पहिला मार्ग सांगताना सृष्टीला सुंदर पुस्तकाची उपमा देते. दुसरा मार्ग पवित्र शास्त्राचा. टिळक तेव्हा जन्मालाही यायचे होते. टिळकांची ‘वनवासी फूल’ ही दीर्घ कविता ज्यांनी वाचली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की तिथे फूल नुसते गोड दिसत बसत नाही, ते कवीशी वाद घालते. एकांतात राहायचे की माणसांत यायचे, हा त्या वादाचा विषय. आपला आक्षेप टिळकांवर आहे की न वाचलेल्या टिळकांवर, हे एकदा तपासून घ्यावे.

आता बार्थ. 1934 साली एमिल ब्रुनरने निसर्ग आणि कृपा यांचा काही दुवा आहे असे लिहिले आणि बार्थने त्याला एका शब्दाच्या शीर्षकाने उत्तर दिले: ‘नाही!’ हा शब्द हवेत उच्चारलेला नव्हता. त्या वर्षी जर्मनीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे लोक रक्त, वंश आणि माती यांत देवाचा हुकूम वाचत होते आणि त्याच्या आधारे हिटलरच्या मागे चालले होते. निसर्गाला बोलते केले की तो बोलवणाऱ्याच्या मनातले बोलतो, ही बार्थची भीती. ही भीती मला पूर्ण मान्य आहे. तिची साक्ष काढायला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. कडुलिंबाला आंबे लागत नाहीत, बी तसे झाड, ज्याची जात त्याचा गुण. निसर्गातून काढलेले हे धडे आपल्याकडे शेकडो वर्षे माणसांना माणसांपासून तोडायला वापरले गेले. आमच्या मंडळ्यांतली कितीतरी घराणी महार-मांग वस्त्यांतून आलेली आहेत. त्यांना हा निसर्गधडा पाठ करून कोणी शिकवायला नको. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि 21–22 मार्च 1920 ला याच संस्थानात अस्पृश्यांची माणगावची परिषद भरली. या दोन्ही गोष्टी त्या खोट्या निसर्गधड्याला दिलेली उत्तरेच होती.

मग बार्थचे ऐकून निसर्गाचे पुस्तक मिटवावे? इथेच माझे मत वेगळे होते. खोटा धडा कशाने खोडला जातो ते पाहा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, देव आपला सूर्य चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच उगववतो, पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पाडतो. हाही निसर्गातलाच धडा. पाऊस वाडा आणि वाडी ओळखत नाही; विहीर ओळखत होती, कारण विहिरीवर माणसांचा पहारा होता. लिंबाच्या झाडावरून जात सिद्ध करणाऱ्याला उत्तर देताना येशूने निसर्ग सोडून दिला नाही, त्याने निसर्गच नीट वाचला. तेव्हा प्रश्न निसर्ग वाचावा की नाही हा नसून तो कोणाच्या डोळ्यांनी वाचावा हा आहे. पुढे स्वतः बार्थनेच आपल्या महाग्रंथाच्या चौथ्या खंडात, ख्रिस्त हा एकच प्रकाश हे न सोडता, सृष्टीतल्या लहान दिव्यांविषयी लिहिले. आमच्याकडे त्याचे ‘नाही’ पोहोचले, हे पान पोहोचले नाही.

माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायला हवी. निसर्गावरून प्रवचन करणारे आमचे पुष्कळ पाळक निसर्ग पाहून बोलत नाहीत, भाषांतरित पुस्तके पाहून बोलतात. मग ईस्टरला बर्फ वितळतो आणि गाडलेल्या कंदातून फूल वर येते. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान येतो; त्या वेळी आमच्या बाहेर ढेकळे तापलेली असतात, ओढे आटलेले असतात. गोठून मेलेले आणि उन्हाने जागे झालेले असे काही आमच्याकडे नाही. आमच्याकडे जे आहे ते याहून आश्चर्याचे आहे. पावसाला दोन-अडीच महिने असताना पिंपळाला तांबूस, ओलसर पालवी फुटते. राधानगरीच्या रानात कुसुमाचे झाड अंगभर लाल होते. वरून थेंब नसताना. हे पाणी कुठून आले, हा प्रश्न ईस्टरच्या पहाटे कोल्हापुरात विचारता येतो. उष्णतेला न भिणाऱ्या, पाण्याकडे मुळे पसरलेल्या झाडाविषयी यिर्मया जे बोलतो ते युरोपातल्या वसंतापेक्षा आमच्या चैत्राला जवळचे आहे.

तर मग वाढ कशी होते? यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक उतारा आहे, त्यावर प्रवचन मी अजून एकदाही ऐकलेले नाही. नांगरणारा काय सतत नांगरतच राहतो, असे संदेष्टा विचारतो. जमीन सारखी झाली की तो जिरे टाकतो, गहू ओळीने पेरतो, बांधाला वेगळे धान्य लावतो. मळणीतही तो तारतम्य ठेवतो: जिऱ्यावर गाडीचे चाक फिरवत नाही, ते काठीने झोडतो. आणि हे शहाणपण त्याला देवाने शिकवले असे यशया स्पष्ट सांगतो. हे वाचताना मला आमची खळी दिसतात. भुईमूग झोडतात, भात आपटतात, तिळाची पेंडी उलटी धरून हलकेच झटकतात. तिळावर बैल घातले तर हाती काही उरणार नाही. एकच सभा, एकच हाक, एकच रडणे सगळ्यांना लावणाऱ्याने या उताऱ्याला उत्तर द्यावे. विधवा बाई, दारूतून सुटू पाहणारा ट्रकचालक, नोकरी न मिळालेला पदवीधर, लहानपणापासून उपासनेत बसलेली मुलगी, या सगळ्यांवर चाक फिरवायचे का?

मार्काच्या चौथ्या अध्यायातला बियाण्याचा छोटा दाखला फक्त मार्कातच आहे. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. बी उगवते, कसे ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते. मूळ ग्रीक शब्द तोच ज्यातून ‘ऑटोमॅटिक’ आला. कोल्हापूरकराला या शब्दाचा अर्थ दरवर्षी कळतो. राधानगरी भरली की तिचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडल्याची बातमी येते. ते कोणी हाताने उघडत नाही. पण शाहू महाराजांनी भिंत घातली नसती तर आपोआप उघडायला काही नसते. कृपा आणि कष्ट यांचे भांडण लावणाऱ्यांनी त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहावे.

आणि या दाखल्याचे खरे भाष्य पाहायचे असेल तर मेच्या अखेरीस शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडकडे जावे. तिथे धूळवाफ पेरणी चालते. पावसाचा पत्ता नसतो, जमिनीत ओल नसते, पेरणीच्या कुरीमागे धुळीचा लोट उठतो, आणि त्या धुळीत भाताचे बी जाते. मृग लागून पाऊस येईपर्यंत ते कोरडेच पडून असते. पाऊस लांबला तर मुंग्या नेतात, पाखरे नेतात. फसवा पाऊस पडून उघडीप आली तर कोंब करपतो. तरी माणसे पेरतात, कारण पाऊस सुरू झाल्यावर त्या चिखलात कुरी चालत नाही. पेरणाऱ्याला यातले काही ‘जाणवत’ नसते. आमच्या सभांत विश्वासाची खूण म्हणून जी जाणीव मागितली जाते, अंगावर येणारा शहारा, डोळ्यांतले पाणी, ती पहिल्या पावसाची गोष्ट आहे. त्याच्या आधीच्या कोरड्या आठवड्यांचाही विश्वास असतो. त्याच्यासाठी मंडपात जागा ठेवलेली नाही, आणि म्हणून कोरडे वाटणारी पुष्कळ चांगली माणसे स्वतःला मेलेली समजून घरी बसतात.

आता ज्यासाठी हे सगळे मांडले त्या गोष्टीकडे येतो. आमच्या घरी ऊस होता. लावणीचा ऊस तुटून गेला की वडील दोन दिवसांत कोयता घेऊन फडात जायचे आणि मागे राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटायचे. मी लहानपणी विचारले होते की एवढे हिरवे डोळे वर दिसताहेत, ते कशाला कापायचे? ते म्हणाले, “वरच्या डोळ्याचा कोंब लगेच दिसतो, पण त्याला मूळ धरत नाही. खालनं फुटू दे.” त्या फुटव्यालाच खोडवा म्हणतात. नवे बेणे नाही, नवी नांगरट नाही. जुन्याच बुडातून, जमिनीखालच्या डोळ्यातून नवा ऊस.

खोडव्याचा कोंब सुरुवातीला जुन्या मुळांवर जगतो. ही मुळे मागच्या उसाची, म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाची. काही काळाने ती निकामी होतात, आणि तोवर कोंबाने आपली मुळे टाकली नसतील तर तो पिवळा पडतो. म्हणून शेतकरी बगला फोडतो: सरीच्या दोन्ही अंगांनी औत घालून जुनी मुळे मुद्दाम तोडतो, की नवी सुटावीत. मग पहारीने भोक घेऊन बुडाशी खत देतो. आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट मागे राहते. पुष्कळजण ते पेटवतात, रान एका रात्रीत स्वच्छ दिसते. पण त्या आगीत जमिनीवरचे जीव जातात, कुजून खत होणारे सगळे धुरात जाते, कधी बुडख्याचे डोळेही भाजतात. शहाणा शेतकरी पाचट सरीत दाबतो. ते ओल धरते, तण दाबते, आणि वर्षभरात त्याची माती होते.

कोल्हापूरची मंडळी आज खोडव्याच्या अवस्थेत आहे. लावण 1852 नंतरची. तिला पावणेदोनशे वर्षे होत आली. आजच्या विश्वासणाऱ्यांतले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या पिढीचे. आजोबांनी जात, गाव, कधी आईबापही सोडून जो विश्वास धरला त्या मुळांवर आम्ही उभे आहोत. आमच्या नवीकरणाचा प्रश्न नव्या लावणीचा नाहीच. तरी दर मे महिन्यात आम्हांला लावणीचेच प्रवचन ऐकवले जाते: सगळे जुने टाका, पेटवा, आज रात्री पहिल्यापासून सुरू करा. आजीचे अभंग, ‘उपासना संगीत’मधली मुरलेली पदे, घरची संध्याकाळची प्रार्थना, हे पाचट म्हणून आगीत जाते. रान स्वच्छ दिसते. आणि वरवरच्या डोळ्यांचे कोंब लगेच दिसतातही.

यावर कोणी म्हणेल की खोडव्याचा उतारा वर्षागणिक घटतो. एकदोन खोडव्यांनंतर शेतकरी रान मोडतोच. खरे आहे. कधी कधी नांगर घालावाच लागतो, आणि एखाद्या मंडळीत किंवा एखाद्या आयुष्यात तशी वेळ आली तर नांगराला भिऊ नये. पण ती वेळ बुडे पाहून ठरते, पंचांग पाहून नाही. यशयाचा नांगरणारा सतत नांगरत राहत नाही एवढेच मला म्हणायचे आहे.

मग 1905 चे काय, असे विचारले जाईल, आणि विचारावेच. त्या वर्षी जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे झाले ते महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातले सर्वांत मोठे संजीवन. सभांचे वक्ते त्याचाच दाखला देतात. मी त्याला नाकारत नाही. पण केडगावला त्या जूनच्या आधी काय होते? दुष्काळात गोळा केलेल्या मुली आणि विधवा, खणलेल्या विहिरी, शेती, शाळा, रोजचे ठरलेले काम आणि रोजची ठरलेली प्रार्थना. अग्नी आला तो नांगरलेल्या, ओलवलेल्या जमिनीवर आला. आणि त्याच्या नंतर? पंडिता रमाबाई (1858–1922) हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलाचे मराठी भाषांतर करत बसल्या, वर्षानुवर्षे, मुलगी मनोरमा गेल्यानंतरही, स्वतःच्या अखेरच्या दिवसांपर्यंत. ते 1924 साली छापून निघाले. ज्या बाईने तो अग्नी सर्वांत जवळून पाहिला तिने पुढची सतरा वर्षे तशीच दुसरी रात्र शोधण्यात घालवली नाहीत. तिने शब्दाला शब्द लावला. भांगलण करावी तसा.

भांगलणीचा उल्लेख आला म्हणून एक शेवटची गोष्ट. ऊस उगवल्यावर शेतकरी सरीसरीने चालतो आणि कुठे कोंब आला नाही ते बघतो. त्या रिकाम्या जागांना नांग्या म्हणतात. तिथे तो रोप आणून लावतो. हे काम कंटाळवाणे आहे, वाकून करायचे आहे, आणि ते वेळेतच करावे लागते. उशीर झाला तर लावलेले रोप शेजारच्या वाढलेल्या उसाच्या सावलीत खुजे राहते. सभेच्या तिसऱ्या रात्री ज्यांनी हात वर केले त्यांची नावे वहीत लिहिली जातात. ती वही मी दोन वर्षांपूर्वी मागून घेतली होती. तीस-पस्तीस नावे होती. सभेनंतरच्या दोन महिन्यांत त्यांतल्या चौघांच्या घरी मंडळीतले कोणी गेले होते. यंदा सभा ठरवायची बैठक झाली तेव्हा मी मंडळीच्या वडिलांकडे मंडपाच्या खर्चाविषयी काही बोललो नाही, वक्ता कोण असावा याविषयीही नाही. एवढेच मागितले की त्या वहीतली घरे आत्ताच आपसांत वाटून घ्यावीत, आणि मृगाचा पाऊस लागून माणसे रोप लावणीला जुंपायच्या आत प्रत्येक उंबऱ्यावर एकदा तरी जाऊन यावे. माझ्या वाट्याला सात घरे आली आहेत. दोन गावाबाहेर, ओढ्यापलीकडे आहेत. तिथे आधी जाणार आहे.